चालणारा ह्युमनॉइड थरथरतो का? कंपन आणि मेकॅनिकल डिझाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणसासारखा दोन पायांचा रोबो, म्हणजे ह्युमनॉइड, बनवणाऱ्यांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. बहुतेकांची सुरुवात कंट्रोलरच्या गेनपासून (चूक दिसली की मोटर किती जोरात सुधारते तो आकडा) होते आणि उत्तर निघतं कुठल्यातरी प्लेटमध्ये, बेअरिंगमध्ये नाहीतर स्क्रूमध्ये. मी पण त्यातलाच, खाली येईलच ते.

रोबो थरथरतोय, काय करू?

आधी कुठली थरथर ते बघा, कारण "थरथरतो" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली डोळ्याला दिसते, अख्खं अंग डुलतं, सेकंदाला साधारण २ ते १० वेळा. दुसरी दिसत नाही पण मांडीवर हात ठेवला की जाणवते, २० ते ६० हर्ट्झच्या आसपास, गेन वाढवला की चालू आणि कमी केला की बंद, म्हणजे कंट्रोल लूप आणि सांगाडा एकमेकांना चिथवतायत. तिसरी फक्त ऐकू येते, सांधा एका ठराविक वेगाने फिरताना गुणगुण होते आणि वेग बदलला की जाते, ती गिअरची. आकडे ढोबळ आहेत, रोबोच्या आकाराप्रमाणे सरकतात. तिन्हींवर इलाज वेगळे, त्यामुळे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोन पायांवर मस्त उभा राहतो, एक पाय उचलला की डुलायला लागतो. असं का?

कारण एक पाय उचलला की तो वेगळाच सांगाडा झाला. दोन पाय जमिनीवर असताना पाय, कंबर आणि जमीन मिळून बंद चौकट होते, टेबलासारखी. एक पाय सुटला की उरतो एक खांब, वर सगळं वजन, आणि बाजूला लोंबणारा दुसरा पाय. नैसर्गिक वारंवारिता, म्हणजे धक्का दिल्यावर तो आपोआप सेकंदाला किती वेळा डुलतो ते, एकदम खाली येते.

हिशोब करून बघू, आकडे उदाहरणादाखल घेतलेत. रोबो ५० किलोचा, गुरुत्वमध्य घोट्यापासून ०.८ मीटर वर. घोट्याभोवतीचं जडत्व झालं ५० गुणिले ०.८ चा वर्ग, म्हणजे ३२ किलो-मीटर वर्ग. आता तळव्यापासून कमरेपर्यंत सगळ्याची मिळून लवचिकता घोट्यात जमा आहे असं समजा आणि तिचा ताठपणा रेडियनला ५,८८० न्यूटन-मीटर धरा. यातून गुरुत्वाकर्षणाचे साधारण ३९० वजा करायचे, कारण रोबो थोडा कलला की वजन त्याला अजून कलवतं, उलट्या स्प्रिंगसारखं काम करतं ते. उरले ५,४९०. भागिले ३२, त्याचं वर्गमूळ, मग २π ने भाग. उत्तर २.१ हर्ट्झ.

आणि रोबो अर्ध्या सेकंदाला एक पाऊल टाकत असेल तर पावलांची वारंवारिता किती? २ हर्ट्झ. म्हणजे प्रत्येक पाऊल झोका बरोबर वेळेवर ढकलतंय. शिवाय पावलाचा धक्का काही गुळगुळीत साइन वेव्ह नसतो, त्यात ४, ६, ८ हर्ट्झ पण असतात, त्यामुळे वारंवारिता ४ वर नेली म्हणून सुटलात असंही नाही.

आडव्या दिशेला अजून एक गंमत, तिथे जोर डावा-उजवा असा आलटून पालटून लागतो म्हणून त्याची वारंवारिता पावलांच्या निम्मी. लंडनचा मिलेनियम ब्रिज जून २००० मध्ये उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला तो याच आडव्या जोरामुळे, माणसं चालतात सेकंदाला दोन पावलं आणि पूल हलला आडवा, १ हर्ट्झच्या आसपास.

उचललेला पाय ठरल्यापेक्षा आधीच जमिनीला लागतो. किनेमॅटिक्स (सांध्यांच्या कोनांवरून पाय कुठे ते काढणारं गणित) तर बरोबर आहे.

किनेमॅटिक्स बरोबर असेल, पण ते गृहीत धरतं की लिंक आणि सांधे वाकत नाहीत. टेकलेल्या पायाच्या खुब्यावर वरचं अंग आणि लोंबता पाय यांचं वजन बाजूला लटकलेलं असतं. ४० किलो १० सेंटिमीटर बाहेर धरा, झाले ३९ न्यूटन-मीटर. खुब्याचा ताठपणा रेडियनला ५,००० असेल तर कंबर जवळपास अर्धा अंश झुकते. उचललेला पाय ८० सेंटिमीटर खाली आहे, तो आडवा ६ मिलिमीटर सरकला आणि दीड मिलिमीटर खाली आला. एन्कोडर (कोन मोजणारा सेन्सर) मोटरच्या बाजूला असेल तर त्याला यातलं काहीच दिसत नाही, तो म्हणतो सगळं ठीक आहे! मग पाय लवकर टेकतो, धक्का बसतो, त्या धक्क्याने डुलणं अजून वाढतं.

वाकणं आधीच मोजून खुब्याचा कोन तेवढा उलटा द्यायचा हा जुना उपाय आहे आणि तो चालतो, पण तो स्थिर वाकण्यावर चालतो, डुलण्यावर नाही. डुलण्यासाठी कोरियाच्या काइस्ट या विद्यापीठात ह्युबो या ह्युमनॉइडवर आणि त्याच्या आधीच्या रोबोंवर वेगळा डॅम्पिंग (डुलणं विझवणारा) कंट्रोलर लावला होता. टेकलेला पाय म्हणजे लवचिक सांध्यावरचा उलटा लंबक असं सोपं मॉडेल धरायचं, टॉर्क (पिळाचा जोर) मोजणाऱ्या सेन्सरवरून डुलणं ओळखायचं आणि घोट्याने ते मारायचं. मॉडेल इतकं साधं आहे की आधी विश्वासच बसत नाही.

मांडीचा पाइप दुप्पट मजबूत केला, काहीच फरक पडला नाही. का?

मला सगळ्यात जास्त आलेला प्रश्न, आणि मी स्वतः केलेली चूक.

जमिनीपासून कमरेपर्यंत जोर एका रस्त्याने जातो. तळवा, सेन्सरची प्लेट, घोट्याचं बेअरिंग, गिअर, नडगी, गुडघ्याचा गिअर, मांडी, खुबा, आणि मध्ये प्रत्येक ठिकाणी स्क्रूचे जोड. हे सगळे एकामागोमाग लावलेले स्प्रिंग आहेत आणि एकामागोमाग लावलेल्या स्प्रिंगमध्ये सगळ्यात मऊ असतो त्याचंच राज्य चालतं.

समजा पाइप ५०,०००, गिअर १०,००० आणि जोड २०,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन. एकत्र हिशोब केला की येतात ५,८८०. पाइप दुप्पट ताठ केला तर ६,२५०, म्हणजे ६ टक्के वाढ, आणि वारंवारिता वर्गमुळाने वाढते म्हणून तिथे फक्त ३ टक्के. एवढा फरक मोजताना गोंधळातच हरवतो. त्याऐवजी गिअर दुप्पट ताठ घेतला असता तर ८,३३०, म्हणजे ४२ टक्के वाढ, वारंवारिता जवळपास २० टक्के वर.

पण पाइप दिसतो ना, कॅडमध्ये लांबलचक नाजूक दिसतो, म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. आम्ही जवळपास दोन महिने आधी गेन आणि मग पाइप यात घालवले, शेवटी मऊ निघाली घोट्याखालची सेन्सरची ॲडॅप्टर प्लेट, ४ मिलिमीटरची, चार स्क्रूवर, स्क्रू सगळे मध्यभागी. प्लेट जाड केली, स्क्रू कडेला नेले, आठ केले. झालं. प्लेट बनवायला लागला एक दिवस.

आणि हो, या साखळीत कंट्रोलर पण आला. पोझिशन गेन म्हणजे सुद्धा एक स्प्रिंगच आहे, गेन कमी ठेवला असेल तर सगळ्यात मऊ कडी कदाचित तोच.

ॲल्युमिनियम सोडून टायटॅनियम घेऊ का?

कंपनासाठी म्हणत असाल तर नको. स्टीलचा ताठपणा २०० गिगापास्कल आणि घनता ७.८, ॲल्युमिनियम ७० आणि २.७, टायटॅनियम ११४ आणि ४.४, मॅग्नेशियम ४५ आणि १.८ च्या जवळ. भागून बघा, सगळीकडे २५-२६ च येतं, निसर्गाने थट्टाच केलीय. तोच आकार ठेवून नुसता धातू बदलला तर लिंकची स्वतःची वारंवारिता जागची हलत नाही. तसंच ६०६१ ॲल्युमिनियमच्या जागी ७०७५ हे मजबूत मिश्रण घेतलं की ताकद भरपूर वाढते, वाकणं तेवढंच राहतं. ताकद आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मीटिंगमध्ये मला अजूनही सांगत बसावं लागतं.

फरक पडतो आकाराने. नळीचा व्यास दुप्पट आणि भिंत निम्मी केली तर वजन तेवढंच, पण वाकण्याचा ताठपणा साधारण चौपट. हलक्या धातूचा खरा फायदा हाच की तेवढ्याच वजनात मोठा आकार बसतो. कार्बन फायबरची नळी उत्तमच, पण तिच्या टोकाला धातूचा तुकडा चिकटवावा लागतो आणि मग मऊ कडी तो चिकट जोड होतो. परत साखळीच.

थ्रीडी प्रिंट केलेले पाय चालतील?

लहान रोबोला चालतील. पीएलएचा ताठपणा ३ गिगापास्कलच्या आसपास आहे, ॲल्युमिनियमच्या वीसपट कमी, त्यामुळे ॲल्युमिनियमसाठी काढलेलं डिझाइन जसंच्या तसं प्रिंट करू नका, बंद पेटीसारखा आकार करा. आणि स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये नको, ते हळूहळू दबतं आणि ताण सुटतो.

लहान मॉडेल सुंदर चालत होतं, तेच डिझाइन दुप्पट मोठं केलं आणि वाट लागली.

लागणारच. सगळी मापं दुप्पट केली तर वजन ८ पट, वळणाचा ताठपणा ८ पट, पण जडत्व ३२ पट. म्हणजे सांगाड्याची वारंवारिता बरोब्बर निम्मी. चालण्याची नैसर्गिक लय मात्र लंबकासारखी उंचीच्या वर्गमुळाने कमी होते, ३० टक्क्यांनीच. दोघांमधलं अंतर कमी झालं आणि लहान असताना लांब असलेला रेझोनन्स (सांगाडा सगळ्यात जास्त डुलतो ती वारंवारिता) आता पावलांच्या जवळ आला. टेबलावरचा सर्वोवाला रोबो बघून माणसाएवढा बनवायला निघालेल्यांना पहिला फटका इथेच बसतो.

उलट दिशेचं उदाहरण होंडाचं. १९९६ चा पी२ होता १८२ सेंटिमीटर आणि २१० किलो, १९९७ चा पी३ १६० सेंटिमीटर आणि १३० किलो, आणि २००० चा असिमो फक्त १२० सेंटिमीटरचा. घरात-ऑफिसात वावरता यावं हे त्यामागचं मोठं कारण होतं, पण मेकॅनिकलवाल्यांच्या डोक्याचा ताप पण कमी झाला असणार.

हार्मोनिक ड्राइव्ह या गिअरला बॅकलॅश नसतो, मग तो ताठच ना?

नाही. बॅकलॅश नसणं म्हणजे प्ले (दातांमधली मोकळी जागा) नसणं, लचक नसणं नव्हे. त्याच्या आत पातळ भिंतीचा दातेरी कप असतो आणि तो वाकतो म्हणूनच तर ते यंत्र चालतं. वर त्याचा ताठपणा सरळ रेषेत पण नसतो. टॉर्क कमी असताना मऊ, वाढला की ताठ. चालताना सांध्याचा टॉर्क शून्यातून जातो तेव्हा नेमका मऊ भाग वाट्याला येतो, म्हणून कॅटलॉगमधला मोठा आकडा उचलून सिम्युलेशनमध्ये टाकू नका.

गुणगुण पण इथलीच. आत फिरणारा वेव्ह जनरेटर लंबगोल असल्यामुळे त्याच्या एका फेऱ्यात चूक दोनदा येते. मोटर ३,००० आरपीएमवर म्हणजे सेकंदाला ५० फेरे, म्हणजे १०० हर्ट्झचा ठेका. पाऊल टाकताना गुडघ्याचा वेग शून्यातून वर जाऊन परत खाली येतो, त्यासोबत हा ठेका पण शून्यापासून वर सरकत जातो आणि वाटेत सांगाड्याचा कुठला ना कुठला मोड (डुलण्याची ठराविक पद्धत आणि तिची वारंवारिता) गाठतोच. तिथून पटकन निघून गेला तर काही नाही, हळू चालताना तिथेच रेंगाळला तर वाजतो.

मग गिअर कमी करून मोठी मोटर लावू का?

क्वासी डायरेक्ट ड्राइव्हवाले हेच करतात आणि त्याला कारण आहे. मोटरच्या रोटरचं (फिरणाऱ्या भागाचं) जडत्व सांध्याला गिअर रेशोच्या वर्गाने मोठं होऊन दिसतं. रोटर ०.००००३ किलो-मीटर वर्ग इतका चिमुकला घ्या, १०० च्या गिअरमागे तो ०.३ होतो. आणि ४ किलोची नडगी-तळवा गुडघ्यापासून २५ सेंटिमीटरवर धरली तर तिचं जडत्व ०.२५. म्हणजे पाय आपटतो तेव्हा सगळ्यात जड वस्तू जी जमिनीवर आदळते ती तुमच्या मोटरचा रोटर आहे, आणि तो धक्का गिअरच्या दातांतून जातो. १० चा गिअर घेतला तर तोच रोटर ०.००३. मोटर मोठी असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त, तरी पण.

किंमत काय मोजता? नुसतं उभं राहायला सुद्धा जास्त करंट लागतो, मोटर तापते.

तळव्याला रबर लावलं तर धक्का कमी होईल ना? आणि डुलणं वाढेल ना?

दोन्ही. म्हणून किती आणि कुठे हे महत्त्वाचं. होंडाच्या पी मालिकेत तळव्यात गाइडमध्ये बसवलेले रबरी बुश होते. उभ्या दिशेला ते दबतात, धक्का खातात, पण गाइडमुळे पाय आडवा सरकत नाही. शिवाय ते मेकॅनिकल लो-पास फिल्टरसारखे पण काम करायचे, म्हणजे घोट्याच्या कंट्रोलला जलद थरथर लागूच द्यायची नाही. एचआरपी-२ या जपानी ह्युमनॉइडमध्ये घोटा आणि तळव्यामध्ये रबर होतं आणि ते किती वाकलंय याचा अंदाज घेणारा स्टॅबिलायझर सोबत लिहावा लागला. मऊपणा फुकट नसतो, जितका टाकाल तितका कंट्रोलरला माहीत पाहिजे.

माझं मत असं की तळव्याखाली पातळ आणि डॅम्पिंग जास्त असलेलं रबर घ्या, जाड मऊ स्पंज नको. स्पंजावर उभा केलेला रोबो म्हणजे गादीवर उभं राहून एक पाय उचलणं, स्वतः करून बघा.

मग सगळीकडे मुद्दाम स्प्रिंगच का नको? कॅसी या दोन पायांच्या रोबोला तर आहेत.

कॅसीच्या पायात पानासारखे स्प्रिंग आहेत, खरंय, आणि मोटरच्या पुढे मुद्दाम स्प्रिंग टाकायची सिरीज इलास्टिकची कल्पना प्रॅट आणि विल्यमसन यांनी १९९५ मध्ये मांडली तेव्हापासून चालू आहे. पण तिथे स्प्रिंग कुठे आहे, किती आहे हे ठरवलेलं आणि मोजलेलं असतं. तुमच्या पायातली लचक कुठून आली हेच तुम्हाला माहीत नाही, अडचण ती आहे.

नॉच फिल्टर (एकच वारंवारिता कापणारा) लावला की काम संपलं?

कधी कधी, तात्पुरतं. २० ते ६० हर्ट्झच्या भुणभुणीला तो चालतो. पण नॉच आपल्या खालच्या वारंवारितांवर फेज खातो, म्हणजे सिग्नल मागे पाडतो, आणि तिथेच तुमचा बॅलन्स कंट्रोलर काम करत असतो. ३० हर्ट्झला ठीक, ६ हर्ट्झला नॉच लावणाऱ्याला माझा नमस्कार. दुसरं म्हणजे मोड एका जागी बसत नाही, एका पायावर वेगळा, दोन पायांवर वेगळा, गुडघा वाकवला की अजून वेगळा. एकाच जागी खिळवलेला नॉच अर्धा वेळ चुकीच्या जागी असतो.

आयएमयू (कल आणि हालचाल मोजणारा सेन्सर) कुठे बसवू?

कमरेच्या सगळ्यात ताठ भागावर, खुब्याच्या बेअरिंगच्या जवळ. पातळ पॅनलवर नको, बॅटरीच्या झाकणावर तर नकोच, नाहीतर रोबो डुलतोय की झाकण डुलतंय तेच कळत नाही. फोमवर बसवायची सवय ड्रोनवाल्यांकडून येते, इथे जपून, फोम आणि आयएमयूचा मिळून स्वतःचा मोड तयार होतो. सॅम्पल करण्याआधी ॲनालॉग किंवा सेन्सरच्या आतला फिल्टर चालू ठेवा, नाहीतर गिअरची जलद थरथर घडी पडून हळू डुलण्यासारखी दिसते आणि कंट्रोलर नसलेल्या डुलण्याशी लढत बसतो.

महागडी उपकरणं नाहीत, वारंवारिता मोजू कशी?

हातोडी आणि आयएमयू. रोबोला एका पायावर चालताना असतो तसा उभा करा, वर पट्टा ढिला बांधा म्हणजे पडला तर वाचेल, मोटर चालू, गेन चालताना असतात तेच. रबरी हातोडीने कमरेवर बाजूने टिचकी मारा, १०-१५ सेकंद डेटा घ्या, एफएफटी (डेटातल्या वारंवारिता वेगळ्या करणारं गणित) काढा. मग समोरून मारा, मग पाय बदला. लटकवून मोजू नका, लटकलेला रोबो वेगळा प्राणी आहे.

चालतानाच्या डेटावर एफएफटी काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट, अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यात २ हर्ट्झपेक्षा बारीक काही दिसत नाही. ३ आहे की ४ हे त्यातून सांगताच येणार नाही, डेटाच्या शेवटी कितीही शून्यं भरा.

आणि मऊ कडी शोधायला तर तेवढंही नको. कमरेला स्प्रिंगकाट्याने बाजूला ओढा आणि प्रत्येक जोडापाशी डायल गेज लावून कोण किती हलतं ते लिहा. कंटाळवाणं काम आहे, एक दुपार जाते.

वजन कुठे ठेवू?

वर, खुब्याजवळ. म्युनिकच्या लोला या १८० सेंटिमीटरच्या रोबोत घोटा हलवणाऱ्या मोटर मांडीत आहेत आणि गुडघा रोलर स्क्रूने चालतो, त्यामुळे पायाचं टोक हलकं राहतं. पण लक्षात ठेवा, मोटर वर नेली की मध्ये दांडे, बॉल जॉइंट आणि बेअरिंगं आली, म्हणजे साखळीत नवीन कड्या. त्यातल्या एकाला जरी प्ले असेल तर हलक्या पायाचा फायदा तिथेच गेला.

सिम्युलेशनमध्ये पळतो, खरा रोबो कापतो.

सिम्युलेटरमध्ये लिंक दगडासारख्या ताठ असतात, मोटर सांगितलेला टॉर्क लगेच देते. सिम्युलेशनमध्ये शिकवलेली पॉलिसी (कधी किती टॉर्क द्यायचा ते ठरवणारा प्रोग्राम) याचा फायदा उचलते, जलद जलद टॉर्क बदलते, तिथे काही बिघडत नाही. खऱ्या सांगाड्याला तेच हातोडीचे ठोके लागतात. सांध्यात मोजलेला स्प्रिंग आणि काही मिलिसेकंदांचा उशीर टाका, ॲक्शनच्या बदलावर दंड लावा. पण आधी मोजा, अंदाजाने टाकलेला स्प्रिंग म्हणजे नवीन खोटं.

कालपर्यंत नीट होता, आज डुलतोय. कोड बदललेला नाही.

स्क्रू. आडव्या हालचालीने स्क्रू आपोआप सुटतात हे युंकर या इंजिनिअरने १९६९ मध्येच दाखवलं होतं. टॉर्क रेंचने कसा, लॉकटाइट (स्क्रू जागीच धरणारा डिंक) लावा, डोक्यावर मार्करने रेघ ओढा म्हणजे फिरला की दिसेल. घोट्यापासून सुरू करा.

थोडी थरथर राहतेच. किती चालेल?

माझा नियम असा, या पावलाची थरथर पुढच्या पावलापर्यंत तिसऱ्या हिश्श्याच्या खाली आली पाहिजे. ४ हर्ट्झचा मोड आणि २ टक्के डॅम्पिंग असेल, जे नुसत्या धातूच्या सांगाड्यात सहज असतं, तर अर्ध्या सेकंदानंतर ७८ टक्के थरथर शिल्लक असते आणि तिच्यावरच पुढचा धक्का बसतो. डॅम्पिंग १० टक्क्यांवर नेलं तर उरते २८-२९ टक्के. ते रबराने आणा, घोट्याच्या कंट्रोलने आणा किंवा दोन्हीने, मला चालतं. आणता येत नसेल तर पावलाला अर्ध्याऐवजी पाऊण सेकंद द्या आणि परत हातोडी मारून बघा.